मेंढरं बसली की भरायची ती शाळा

हे आत्ताच सांगितलं पाहिजे. उद्यावर टाकलं तर माझ्यातला कारकून जागा होईल आणि अर्धं खोडून टाकील. जेवणाची सुट्टी झालीय, कचेरीत मी एकटाच, पुढ्यात मराठी मशीन, आणि बोटं सुटलीत. टायपात चुका राहतील, त्या संपादकांनी दुरुस्त करून घ्याव्यात. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, पाच-सहा आठवड्यांपूर्वी गेले. वय पस्तीस. ह्या पानावर मोठमोठ्या माणसांच्या आठवणी येतात. दाजी तसे मोठे नव्हते. साताऱ्याच्या एका कचेरीत आठ वर्षं कारकुनी केली आणि मग एक दिवस खुर्ची मागं सारून मेंढरांमागं चालायला लागले, एवढंच त्यांचं चरित्र. पण त्या चरित्रात एक कागद माझ्या हातचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला दाजींविषयी बोलायचा हक्क नाही.

बातमी आली ती अशी. सकाळी अकराच्या सुमाराला धुळामामा कचेरीच्या दारात आले. धुळामामा म्हणजे वडूजकडचे मेंढपाळ. दाजी ज्या वाड्याबरोबर हिंडायचे त्याचे कारभारी. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. मेंढरं, सामान वाहणारी घोडी, बायापोरं असा दहा-बारा बिऱ्हाडांचा जो तळ आज इथं अन् परवा तिथं पडतो, त्याला ते लोक वाडा म्हणतात. तर मामा आले, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. शिपाई म्हणाला, सुट्टी होईस्तोवर बसा तिकडं भिंतीकडंला. ते बसले, दोन तास. आत मी चौदा पत्रं टाइप केली, चहा प्यालो, हेडक्लार्कांच्या एका विनोदावर हसलोसुद्धा... आणि बातमी भिंतीच्या पलीकडं घोंगडं अंथरून बसली होती.

"मामा, तुमी? आत का न्हाई आला?"

"बस म्हनला, बसलो. आता कशाची गडबड हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावनं, मास्तर गेलं. कुंडलच्या शिवारात. चार दिस ताप व्हता. डागदर आणला तवर उशीर झाला. आक्काकडं मानूस धाडलाय, तुमाकडं मी आलो."

मी वेड्यासारखं विचारलं, कवा?

"परवा. दुपारी. मेंढरं बसली व्हती."

मेंढरं बसली होती हे ऐकून मला कसं झालं ते कळायला मागचं सांगावं लागेल.

आक्काचं लग्न ठरवताना आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, एकच चौकशी केली होती. नोकरी पर्मनंट आहे का. आमची थोडी उसाची जमीन, दोन चुलते पलटणीत, घरात कागदाला हात लावणारा कोणी नाही, त्यामुळं आबांना कचेरीतल्या जावयाचं लय अप्रूप. पाहुणेरावळे आले की "आमचं जावई सायेबाच्या शेजारच्या खोलीत बसत्यात," असं सांगायचे. दाजी साहेबाच्या शेजारच्या खोलीत बसायचे हे खरं, पण दिवसभर तक्ते भरायचे. कुठल्या गावात किती पोरं, शाळेत किती, बाहेर किती, बाहेर असलेली का बाहेर. मी मॅट्रिकच्या वर्षाला होतो तेव्हा रविवारी ते मला ह्याच मशीनवर टायपिंग शिकवायचे. आठवडाभरात मी त्यांच्या पुढं गेलो. ते मागं उभं राहून म्हणायचे, "पावनं, तुमची बोटं लय पळत्यात. डोकं मागनं चालत येतंय, त्याला जरा गाठू द्या." मला वाटायचं हेवा करतात.

मग लढाईच्या दिवसांत, घासलेट मिळेनासं झालं होतं तेव्हाची गोष्ट, धुळामामा पहिल्यांदा कचेरीत आले. बरोबर नात, सुबी, असेल सात-आठ वर्षांची. वडूजच्या बाजारात कोणीतरी सांगितलं होतं की साताऱ्यात शाळेची कचेरी आहे, तिथं मास्तर मिळतात. मामा दाजींच्या टेबलापुढं उभे राहून म्हणाले, "सायेब, एक मास्तर द्या आमाला. चालनारा द्या." सगळी कचेरी हसली. दाजींनी मामांच्या गावाचा तक्ता काढला. शाळेबाहेरची पोरं ह्या खान्यात वाड्याच्या पोरांचा आकडा होता आणि पुढं कारणाच्या खान्यात लिहिलं होतं, 'भटके, लागू नाही'. अक्षर दाजींचंच. मागच्या वर्षीचा काढला, त्याच्या मागचा काढला. सगळीकडं तेच, आणि सगळीकडं त्यांचंच अक्षर. सुबी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून तो कागद बघत होती. तिनं विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?" दाजींनी बोट ठेवून दाखवलं...

हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की दाजींनी राजीनामा दिला.

आमच्या घरी जे झालं ते सांगताना अजून हसू येतं, तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं. आबा बैलगाडी जुंपून आक्काला माहेरी आणायला गेले. आक्का आली, आठ दिवस राहिली, आठ दिवस आबा बोलत होते. फसवणूक झाली, पर्मनंट म्हणून पोरगी दिली, आता धनगरामागं लेंड्या मोजत हिंडणार. नवव्या दिवशी आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, तुमी माझं लगीन नोकरीसंगं लावलं व्हतं व्हय? मग नोकरी ऱ्हायली साताऱ्यात, तिलाच आना की दिवाळसणाला. मी माझ्या नवऱ्याकडं जाते." आणि गेली. वडूजजवळच्या त्यांच्या घरी सासूजवळ राहिली. दाजी पावसाळ्याचे चार महिने घरी, बाकीचं वर्ष वाड्याबरोबर. रिकामी झालेली खुर्ची आबांनी चार जणांचे पाय धरून मला मिळवून दिली. मी आनंदानं बसलो. वर मनात राग, की हा माणूस माझ्या बहिणीला खेड्यात सोडून रानोमाळ फिरतो, आणि लोक मला विचारतात, तुझे दाजी आता काय करतात. काय सांगायचं?

काय करतात ते बघायला एका हिवाळ्यात मी कुंडलकडं गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो. दसरा-दिवाळीनंतर वडूज-खटावकडचं रान सुकतं, तेव्हा वाडे खाली नदीकाठच्या मुलखात उतरतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, खत होतं, बदल्यात धान्य मिळतं. दोन दिवस एका रानात, मग पुढं. अशा लोकांना शाळा कधी लावायची? पहिल्या महिन्यात दाजींनी कचेरीसारखी दहाची वेळ ठरवली होती म्हणे. दहाला सगळी पोरं कोकरांमागं, आणि मास्तर पंप शू घालून छत्री उघडून झाडाखाली एकटे. त्या छत्रीला भिऊन कुत्रं त्यांना दोनदा चावलं. मग बायकांनीच सांगितलं, "मास्तर, दुपारी ऊन चढलं की मेंढरं सोताच बसत्यात. एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून अशी बसत्यात की ढोल वाजवला तरी उठायची न्हाईत. तवा घ्या की तुमची शाळा." तेव्हापासून घंटा नाही, घड्याळ नाही. मेंढरं बसली की शाळा भरायची, मेंढरं उठली की सुटायची. कधी दोन तास, ढग आले की अर्धा तास.

मी बघत बसलो. पोरं गणितं करत होती, पण विसांनी. हे लोक मेंढरं विसांनी मोजतात, एक वीस, दोन विसा, तीन विसा आणि वर सात. दाजींनी ती पद्धत मोडली नाही, पाच विसा म्हणजे शंभर असे तिच्यावरच शंभर चढवले. आणि अर्ज लिहायला शिकवत होते. चौथीच्या पोरांना अर्ज. मी म्हणालो, "दाजी, कविता शिकवायच्या सोडून हे काय?" ते म्हणाले, "ह्यांच्या वाटंत नदी आडवी येत न्हाई, डोंगर येत न्हाई, कागद येतोय. मला दुसरं येतंय काय? आठ वर्सं जे शिकलो ते देतो." भांडायचं राहूनच गेलं. पण राग गेला नाही, तो मी तसाच साताऱ्याला परत आणला.

आता तो कागद.

गेल्या वर्षी चार पोरं चौथीच्या परीक्षेला बसायची झाली. दाजींचा जीव त्या परीक्षेत अडकला होता, कारण पोरं पास झाली तर ही शाळा आहे असं कचेरीला कबूल करावं लागणार होतं, नाही तर पाच वर्षं हा माणूस रानात हिंडला एवढंच राहणार. फॉर्म त्यांनी स्वतः भरले. आणि इतकी वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाकडूनच होईल अशी चूक केली. राहण्याचं ठिकाण ह्या खान्यात सवयीनं पोरांचं गाव लिहिलं. गाव वडूजकडचं, त्यामुळं केंद्र लागलं वडूज. परीक्षा चैत्रात, आणि चैत्रात वाडा चाळीस मैल खाली कुंडलच्या बाजूला. लक्षात आल्यावर त्यांनी अर्ज केला, की ही चार मुलं कुंडलजवळच्या तासगाव केंद्रावर बसू द्यावीत.

तो अर्ज माझ्या टेबलावर आला. हेडक्लार्कांनी कडेला लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे'. म्हणजे नेहमीचं नकाराचं पत्र. आमच्याकडं अशी रीत आहे की टायपिस्टला काही शंका वाटली तर त्यानं 'विचारार्थ' अशी चिठ्ठी लावायची, मग कागद साहेबांपुढं जातो. चिठ्ठ्यांची गड्डी माझ्या डाव्या हाताला होती. मी अर्जदाराचं नाव वाचलं. अक्षर ओळखलं. आणि खोटं कशाला बोलू, मनात आलं, बरं झालं... कळू दे की, कचेरी सोडली म्हणजे काय होतं. एका मिनिटात पत्र झालं. 'विनंती नियमात बसत नसल्याने मान्य करता येत नाही. रहिवासाच्या केंद्रावरच हजर राहावे.' खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची असतात, तीही घातली.

चैत्रात मला परीक्षेचे कागद घेऊन वडूजला पाठवलं. मोटार गावाच्या अलीकडं थांबली, पुढं धुरळाच धुरळा. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "ह्या दिसात मेंढरं वर कुटं निघाली, रानात काडी न्हाई." मी खाली उतरलो. कळपापुढं धुळामामा, मागं घोडी, बायका, कोंबड्या, अख्खा वाडा, आणि सगळ्यात शेवटी एक कोकरू खांद्यावर घेऊन लंगडत येणारे दाजी.

"मामा, आवं वाडा घेऊन का आलासा?" मी विचारलं.

"कागद आला न्हवं सरकारचा," मामा म्हणाले. "वडूजला हजर ऱ्हावं."

"ते पोरांना, मामा. चौघांना."

"मास्तर बी तेच म्हनत्यात. पर कागदात चौघं असं कुटं लिवलंय? हजर ऱ्हावं लिवलंय. आमी काय चार आन् बाकीचं असं निराळं हाय व्हय? आन् न्हाई आलो, आन् उद्या तुमचा सायेब म्हनला, वाडा हजर न्हवता, पोरांची नावं काडा, मंग?"

दाजींनी त्यांना चार दिवस समजावलं होतं. यंदा राहू द्या, पुढल्या साली बघू, म्हटलं होतं. कोणी ऐकलं नाही. ज्या रानात ज्येष्ठाच्या अखेरीला पाऊस पडल्यावर परतायचं, तिथं ते चैत्रातल्या उन्हात परत आले, एका ओळीसाठी. वाटेत अकरा कोकरं गेली.

दाजींनी खांद्यावरचं कोकरू माझ्या हातात दिलं आणि घाम पुसला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कागद लय सुरेख टाइप केला व्हतासा, पावनं. एक चूक न्हाई." आवाजात टोमणा नव्हता. तोच मला बरा वाटला असता. ते खरंच शिकवणाऱ्या माणसासारखं बोलत होते. मी कोकरू धरून उभा. मी म्हणालो, "दाजी, मी चिठ्ठी लावू शकत व्हतो." ते म्हणाले, "मला ठावं हाय. फॉर्म मीबी चुकीचा भरला. दोघंबी एकाच खुर्चीवर बसलेलो हाय की." आणि पोरांना हातपाय धुवायला घेऊन गेले.

चारांपैकी तीन पास झाली, सुबी त्यात पहिली. जो नापास झाला त्याची आई वाड्यात सगळ्यांना सांगत होती, "नापास झाला म्हंजे परीक्षेला तरी बसला. ह्येचा बाप तर नापास बी झाला न्हाई कवा." शाळेला मान्यता मात्र आली नाही, मुलं कमी पडली म्हणून. पुढल्या साली सात बसवा, मग बघू, असं कचेरीचं उत्तर. तेही मीच टाइप केलं. चिठ्ठी लावून केलं, पण उत्तर तेच राहिलं.

दाजी रागावले नाहीत. दिवाळीत आक्काकडं शेवटची भेट झाली तेव्हा टाचांना तेल चोळत बसले होते आणि सातव्या पोराची गोष्ट सांगत होते. सहा तयार होती, सातवं पोर शोधायला ते दुसऱ्या वाड्यात जाऊन आले होते, आणि तिथल्या आजीनं अट घातली होती की पोरगी देते पण शिकून तिनं मला माझं नाव लिहून दाखवलं पाहिजे. मी विचारलं, "दाजी, कचेरी सोडली ह्याचं कवा वाईट वाटतं?" त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "थंडीत वाटतं." आक्का आतून म्हणाली, "आन् मला उन्हाळ्यात." दोघंही हसली... त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

आज सकाळी डाकेत एक अर्ज आला. सात मुलांची नावं, तासगाव केंद्र मिळावं म्हणून. खाली धुळामामांचा अंगठा, अक्षर सुबीचं. 'अर्जदार नम्रतेने कळवितो की', इथपासून सगळं दाजींच्या वळणानं, समास तेवढाच सोडलेला. शेवटी मात्र दोन ओळी तिच्या स्वतःच्या होत्या, तशा अर्जात कोणी लिहीत नाही. 'मास्तर वारले. तरी मेंढरं बसली की आमी रोज बसतो आणि मागलं वाचतो.'

हेडक्लार्कांनी कडेला 'नेहमीप्रमाणे' लिहिलंच होतं. मी चिठ्ठीसुद्धा लावली नाही. अर्ज घेतला आणि उठलो.

"कुटं निघालास?" ते म्हणाले. "तूबी चाललास काय दाजीवानी मेंढरांमागं?"

"न्हाई. आत चाललोय."

साहेब नवीन आहेत, स्वराज्यानंतर आलेले. नियमात बसत नाही, म्हणाले. मी गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं, अकरा कोकरं सांगितली, पत्राच्या नकलेवरची माझी आद्याक्षरं दाखवली. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला, सुबीच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लिहा. यंदापुरती परवानगी. मीच बघतो पुढचं." मी तिथंच उभ्या उभ्या मजकूर सांगितला, आणि शेवटी एक ओळ वाढवली. साहेबांनी चष्मा काढला. "'मेंढरे आणण्याची आवश्यकता नाही'? हे पत्रात कशाला?"

"पायजे, साहेब," मी म्हणालो.

टाइप करून नेलं तेव्हा त्यांनी सही केली.

ते पत्र आत्ता माझ्या शेजारी आहे. हळू टाइप केलंय, आयुष्यात पहिल्यांदा एवढं हळू. डाकेनं पाठवणार नाही, रविवारी स्वतः कुंडलला नेणार आहे. दुपारी पोचेन अशा बेतानं निघेन, शाळा भरलेली असेल. मी नोकरी सोडणार नाही, दाजींइतकं बळ माझ्यात नाही, आणि ह्या टेबलावर कोणीतरी बसलेलं लागतंय असंही आज वाटलं. पण काल होती ती नोकरी ही नव्हे...

सुट्टी संपत आली, लोक परत येताहेत. तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. तुम्हीही कुठं ना कुठं टेबलाशी बसत असाल. तुमच्या हातून कधी गेलाय का असा एखादा कागद, घाईत, सवयीनं किंवा मनातल्या रागानं, आणि त्यापायी तुमचंच माणूस उन्हातून चाळीस मैल चालत आलंय? आणि आल्यावर त्यानं तुमच्या टायपिंगचं कौतुक केलंय?